इंटरनेट प्रोटोकॉल, सहावी आवृत्ती

इंटरनेटवर माहिती पाठविताना तिचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेटे, केले जातात. प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता कसा लिहावा आणि वाटेतील यंत्रांनी तो वाचून ते पुढे कसे धाडावे, यांविषयीच्या नियमांना इंटरनेट प्रोटोकॉल म्हणतात. या नियमांची चौथी आवृत्ती १९८१ मध्ये निश्चित झाली व १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर सक्तीने अंमलात आली. सहाव्या आवृत्तीचा (संक्षेपाने आयपीव्ही६) पहिला मसुदा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, डिसेंबर १९९८ मध्ये त्याची सुधारून मांडणी झाली आणि जुलै २०१७ मध्ये त्यास पूर्ण प्रमाणाचा दर्जा मिळाला. पाचवा क्रमांक ध्वनी व चित्र यांच्या अखंड वहनासाठी योजिलेल्या एका प्रायोगिक प्रोटोकॉलला आधीच दिलेला असल्याने तो वगळावा लागला.

नियम पाळण्याचे हे काम वापरणाऱ्याच्या समोरचे कार्यक्रम करीत नाहीत. पत्रलेखन, दूरचित्रवाणी किंवा बँकव्यवहार यांसाठीचा कार्यक्रम केवळ मजकूर देतो. त्याची पॅकेटे पाडणे, त्यांवर पत्ते घालणे व आलेली पॅकेटे उलगडणे हे काम प्रचालन प्रणालीचा गाभा करतो. त्यालाच कर्नेल म्हणतात [→ संगणक]. यास्तव सहावी आवृत्ती गाभ्यात अंतर्भूत नसेल, किंवा असूनही चालू केलेली नसेल, तर वरचा कार्यक्रम कितीही आधुनिक असला तरी त्या संगणकाला नवा पत्ता वाचताच येत नाही.

नव्या आवृत्तीची गरज : चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात आणि त्यांतीलही बरेच विशेष कामांसाठी राखीव आहेत. जागतिक साठ्यातील अखेरचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. आशिया व पॅसिफिक विभागाच्या नोंदणी संस्थेने त्याच वर्षी १५ एप्रिलपासून उरलेल्या अल्प साठ्याचे शिधावाटप सुरू केले.

टेलिफोनचे क्रमांक अपुरे पडले, तेव्हा त्यांत अंक वाढविता आले. पुण्याचे टेलिफोन क्रमांक याच रीतीने वाढत वाढत आठ अंकी झाले. पॅकेटाच्या शीर्षात मात्र पत्त्यासाठी नेमकी ३२ बिटांचीच जागा आखलेली असून जगातील प्रत्येक राउटर तेवढीच जागा वाचतो. जागा वाढविणे म्हणजे शीर्षाचा आराखडाच बदलणे होय. म्हणून सहावी आवृत्ती ही चौथीची वाढीव आवृत्ती नाही. ती तिच्या शेजारी चालणारी दुसरीच व्यवस्था आहे. या दोहोंत थेट संभाषण होऊ शकत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

टंचाईवर आधी काढलेला तोडगा पत्त्याच्या रूपांतराचा होता. त्याचे वर्णन मे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. घरातील वा कचेरीतील सर्व यंत्रे खासगी पत्ते वापरतात व बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटावर राउटर स्वतःचा एकच सार्वजनिक पत्ता घालतो. पुढे सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी हीच युक्ती सबंध गावांना लावली आणि त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये वेगळे खासगी पत्तेही राखून ठेवण्यात आले. ही युक्ती सोयीची आहे, पण ती एकतर्फी आहे. आतून बाहेर जाता येते. बाहेरून आतील विशिष्ट यंत्राला हाक मारता येत नाही, कारण त्याला स्वतःचा असा जगजाहीर पत्ताच उरत नाही.

पत्त्याची रचना : सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असतो. एकूण पत्त्यांची संख्या सुमारे ३.४ × १०^३८ होते. पत्ता सोळाच्या पायावरील अंकांत, चार-चार अंकांचे आठ गट पाडून व मध्ये अपूर्णविराम देऊन लिहितात. सलग शून्यांच्या गटांऐवजी एकदाच दोन अपूर्णविराम लिहिण्याची मुभा आहे. उदा., गूगलच्या सार्वजनिक नामसेवेचा पत्ता २००१:४८६०:४८६०::८८८८ असा आहे. त्याच सेवेचा जुना पत्ता ८.८.८.८ असा आहे.

पत्त्याचा डावीकडील भाग जाळे दर्शवितो व उजवीकडील भाग त्या जाळ्यातील यंत्र. डावा भाग किती लांब घ्यायचा हे ठरलेले नसते. याची कल्पना टेलिफोनच्या संकेतांवरून चांगली येते. आरंभीचे शून्य सोडल्यास भारतातील स्थिर टेलिफोनचा पूर्ण क्रमांक दहा अंकी असतो. पुण्याचा संकेत २० असा दोन अंकी असल्याने तेथे आठ अंक ग्राहकांसाठी उरतात; शिरूरचा संकेत २१३८ व दौंडचा २११७ असल्याने त्या गावांना सहाच अंक पुरतात. मोठ्या केंद्राला आखूड संकेत व लहानाला लांब, ही वाटणी इंटरनेट पत्त्यांतही आहे. सेवा पुरविणाऱ्या कंपनीला सामान्यतः पहिले ३२ बिट ठरवून मिळतात, एखाद्या संस्थेला ४८ वा ५६ आणि एका स्थानिक जाळ्याला ६४. राउटर आपल्या तक्त्यातील नोंदींपैकी जिच्याशी पत्त्याचे सर्वांत अधिक बिट जुळतात ती नोंद निवडतो. २११ पर्यंतचे अंक बारामतीशी (२११२) आणि दौंडशी सारखेच जुळतात. निवाडा चौथ्या अंकावर होतो.

पत्ता भूगोलाचे अनुकरण करतो असा मात्र समज होऊ नये. याला टपालाच्या पिन क्रमांकाचा दाखला देता येतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. शिरूर व दौंड हे दोन्ही पुणे जिल्ह्याचे तालुके असले, तरी शिरूरचा क्रमांक ४१२२१० व दौंडचा ४१३८०१ आहे. तिसरा अंक वेगळा आहे. दौंडच्या क्रमांकाचा आरंभ सोलापूरच्या (४१३००१) क्रमांकाशी जुळतो. पहिल्या तीन अंकांनी टपालाच्या वर्गवारीचा विभाग कळतो, महसुली जिल्हा नव्हे. इंटरनेट पत्त्याचा डावा भागही असाच पॅकेटाच्या वाटेशी इमानी असतो. एकाच गल्लीतील दोन घरांनी दोन कंपन्यांची सेवा घेतली, तर त्यांच्या पत्त्यांत आरंभापासूनच फरक असतो.

उजवीकडचे ६४ बिट यंत्र स्वतः ठरवू शकते. जाळ्यातील राउटर ठरावीक काळाने डाव्या भागाची घोषणा करतो व यंत्र त्यास आपला भाग जोडून पत्ता पुरा करते. वाटप करणाऱ्या मध्यवर्ती सेवेची गरज पडत नाही. पूर्वी हा भाग जाळ्याला जोडणाऱ्या कार्डाच्या ४८ बिटी कायम क्रमांकापासून बनवीत. त्यामुळे एक दोष उद्भवला. तोच संगणक सकाळी शिरूरला व सायंकाळी दौंडला जोडला, तर डावा भाग बदले पण उजवा तसाच राही, आणि त्यावरून त्याच्या मालकाच्या हालचालींचा माग काढता येई. म्हणून २००१ पासून यदृच्छया निवडलेल्या तात्पुरत्या पत्त्यांची सोय करण्यात आली. ती वापरायची की नाही हे गाभ्याच्या जुळणीत ठरते.

पॅकेटाचे शीर्ष : नव्या शीर्षाची लांबी ४० बाइट अशी कायम आहे, त्यांपैकी ३२ बाइट दोन पत्त्यांसाठीच जातात. जुन्या शीर्षातील तपासणी-बेरीज काढून टाकल्याने प्रत्येक राउटरला ती नव्याने करण्याचे श्रम उरले नाहीत. वाटेत पॅकेटाचे तुकडे करण्याचा राउटरचा अधिकारही काढून घेतला आहे. पॅकेट वाटेच्या मानाने मोठे ठरले, तर राउटर ते टाकून देतो व तसा निरोप मूळ संगणकाला पाठवितो. प्रत्येक दुव्याने निदान १,२८० बाइटांचे पॅकेट वाहून नेलेच पाहिजे असे बंधन आहे. त्याहून कमी क्षमता ठरवून दिलेल्या दुव्यावर लिनक्सचा गाभा सहावी आवृत्ती चालूच करीत नाही.

गाभ्यात प्रवेश : लिनक्सच्या गाभ्यात सहाव्या आवृत्तीची संकेतावली प्रथम नोव्हेंबर १९९६ मध्ये, २.१.८ या विकासाधीन आवृत्तीत आली. ती पेद्रो रोक यांनी लिहिली होती. प्रमाण स्वतःच बदलत असल्याने ती लवकरच मागे पडली. जपानमध्ये १९९८ मध्ये बीएसडी कुळातील प्रणालींसाठी ‘कामे’ व २००० मध्ये लिनक्ससाठी ‘उसागी’ हे प्रकल्प सुरू झाले. जपानी भाषेत या शब्दांचे अर्थ अनुक्रमे कासव व ससा असे आहेत, आणि येथेही कासवच पुढे होते : कामेचे काम मार्च २०००च्या फ्रीबीएसडी ४.० मध्ये समाविष्ट झाले, तर लिनक्समधील ‘प्रायोगिक’ हा शिक्का जून २००५च्या २.६.१२ या आवृत्तीत पुसला गेला. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) ही सोय आज्ञा देऊन मुद्दाम बसवावी लागे. विंडोज व्हिस्टापासून (२००७) ती मुळातच चालू स्थितीत येऊ लागली.

गाभ्याची जुळणी : लिनक्सच्या गाभ्याचा मूळ मजकूर खुला असल्याने ही जुळणी तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. ती तीन पायऱ्यांवर होते आणि त्यांतील फरक न समजल्याने पुष्कळ घोटाळे होतात.

पहिली पायरी गाभा बांधण्याची. बांधणीपूर्वी शेकडो प्रश्नांची यादी समोर येते. तीत जाळेविषयक विभागात सहाव्या आवृत्तीचा प्रश्न असतो. त्याला दीर्घकाळ तीन उत्तरे देता येत आली आहेत : गाभ्यातच कायमचे बसवावे, मागाहून जोडता येणारे मॉड्यूल म्हणून ठेवावे, किंवा मुळीच घेऊ नये. मॉड्यूल एकदा जोडल्यावर सुटत नाही, कारण गाभ्याचे इतर अनेक भाग त्याला धरून असतात. मुख्य प्रश्नाला होकार दिला म्हणजे उपप्रश्न उघडतात. जुन्या जाळ्यातून बोगदा काढणे, पॅकेट गुप्त करणे, एकाहून अधिक मार्ग-तक्ते ठेवणे, एकाच वेळी अनेकांना पाठविणे इत्यादी. फायरवॉलचा प्रश्न मात्र वेगळ्याच ठिकाणी असतो व तोच निसटण्याचा संभव अधिक. चौथ्या आवृत्तीसाठीचे जुने गाळणीचे नियम सहाव्या आवृत्तीच्या पॅकेटांना लागू होत नाहीत. पुढचे दार कुलूपबंद असून मागचे सताड उघडे, अशी त्या यंत्राची स्थिती होते, आणि नेहमीची तपासणी पुढच्या दाराचीच होत असल्याने ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

लहान राउटर, कॅमेरे, पंपनियंत्रक अशा यंत्रांसाठी गाभा बांधणारे कारागीर स्मृतीची काटकसर म्हणून सहाव्या आवृत्तीला नकार देत असत. असे यंत्र एकदा शेतात वा भिंतीवर बसले म्हणजे त्याचा गाभा सहसा कोणी बदलीत नाही. बांधणीच्या वेळचा तो नकार यंत्राच्या आयुष्यभर टिकतो.

दुसरी पायरी यंत्र सुरू होतानाची. गाभ्याला सुरुवातीच्या आज्ञेतच सहावी आवृत्ती निष्क्रिय ठेवण्यास सांगता येते. यातही दोन प्रकार आहेत. एकात ती पूर्ण निष्क्रिय होते. दुसऱ्यात यंत्रणा जागी राहते, फक्त कोणत्याही दुव्याला पत्ता दिला जात नाही. यांऐवजी मॉड्यूलच जोडू न देणे हा उपाय वरवर सारखा वाटतो, पण त्यावर अवलंबून असलेले इतर भाग मग जोडले जात नाहीत आणि भलतेच काही बंद पडते.

तिसरी पायरी चालू यंत्रातील. प्रत्येक दुव्यासाठी सहावी आवृत्ती चालू वा बंद करणे, तात्पुरते पत्ते वापरणे, राउटरच्या घोषणा मानणे, दुसऱ्यांची पॅकेटे पुढे पाठविणे असे अनेक चालू-बंदीचे निर्णय येथे होतात. शेवटच्या दोहोंचा परस्परसंबंध लक्षात ठेवण्याजोगा आहे. पॅकेटे पुढे पाठविण्याची अनुज्ञा दिली म्हणजे गाभा त्या संगणकालाच राउटर समजतो, आणि राउटरने दुसऱ्या राउटरच्या घोषणा ऐकू नयेत असा संकेत असल्याने तो त्या ऐकणे थांबवितो. घोषणेवरून मिळालेला बाहेरचा मार्ग मग नाहीसा होतो. एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालविण्यासाठी ही अनुज्ञा देणाऱ्यांना जुनी आवृत्ती चालू व नवी एकाएकी मूक असा अनुभव येतो. घोषणा मानण्याच्या निर्णयाला शून्य व एक यांखेरीज दोन ही किंमत देण्याची सोय याचसाठी आहे : ‘राउटर असूनही ऐकावे’ असा तिचा अर्थ.

सुरक्षिततेच्या समजुतीने नियंत्रक निरोपांची सर्व पॅकेटे अडविणे ही चौथ्या आवृत्तीतून आलेली सवय सहाव्या आवृत्तीत घातक ठरते. शेजारच्या यंत्राचा शोध, राउटरची घोषणा व ‘पॅकेट मोठे आहे’ हा निरोप ही सारी कामे याच निरोपांवर चालतात. ते अडविल्यास लहान मजकूर पोहोचतो व मोठा वाटेत नाहीसा होतो. हा दोष शोधण्यास विशेष कठीण आहे, कारण जोडणी होते, ओळखपाळख होते आणि नेमकी मजकुराच्या वेळी गाडी अडते.

अर्धवट जुळणी ही पूर्ण बंद ठेवण्यापेक्षाही वाईट ठरते. दोन्ही प्रकारचे पत्ते उपलब्ध असता संगणक सामान्यतः नव्याला अग्रक्रम देतात. नवी वाट गाभ्यात चालू पण बाहेर तुटलेली असेल, तर तिची आशा सोडून जुन्या वाटेकडे वळण्यास कधी मिनिटाहून अधिक काळ लागे. वैतागलेल्या वापरणाऱ्यांनी सहावी आवृत्ती बंद करण्याचा सपाटा लावला व तसा सल्लाही रूढ झाला. तो सल्ला कारण मिटल्यावरही पुष्कळ वर्षे टिकून राहिला. २०१२ मध्ये यावर उपाय सुचविला गेला आणि २०१७ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यानुसार कार्यक्रम नव्या वाटेने प्रयत्न सुरू करतो व सुमारे पाव सेकंदात उत्तर न आल्यास जुन्या वाटेनेही निघतो. जी आधी पोहोचेल ती स्वीकारतो.

स्थित्यंतराचे मार्ग : दोन व्यवस्था एकत्र नांदविण्याचे तीन मार्ग आहेत. दौंडच्या रेल्वे स्थानकाने त्यांतील अडचण एके काळी प्रत्यक्ष अनुभवली आहे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग रुंद मापाचा, तर दौंडहून बारामतीस जाणारा पूर्वी अरुंद मापाचा होता. एका मापाची गाडी दुसऱ्यावर धावू शकत नसे. अशा ठिकाणी दोन्ही मापांचे रूळ शेजारी टाकावेत, एका मापाचा डबा दुसऱ्याच्या डब्यावर चढवून न्यावा, किंवा स्थानकात माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा, एवढेच पर्याय असतात. त्याप्रमाणे गाभ्यात दोन्ही आवृत्त्या चालू ठेवणे हा पहिला मार्ग, नव्या पॅकेटाला जुन्या पॅकेटात घालून नेणे हा बोगद्याचा दुसरा आणि वेशीवर एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे हा तिसरा.

पहिला मार्ग निर्धोक असला, तरी त्यात जुन्या पत्त्यांची गरज संपत नाही. म्हणून मोबाइल सेवांमध्ये तिसऱ्याचे महत्त्व वाढले. २०१३ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत हँडसेटला बाहेर फक्त नवा पत्ता मिळतो. जुन्याच पत्त्यांची भाषा जाणणारा एखादा कार्यक्रम आत चालू असेल, तर हँडसेट त्याची पॅकेटे नव्या रूपात बदलतो आणि कंपनीच्या वेशीवर ती पुन्हा जुन्या रूपात आणली जातात. अँड्रॉइड या लिनक्सच्या गाभ्यावर उभ्या असलेल्या प्रणालीत ही सोय २०१३ पासून आहे. ॲपल कंपनीने १ जून २०१६ पासून आपल्या हँडसेटवरील कार्यक्रमांना केवळ सहाव्या आवृत्तीच्या जाळ्यातही चालण्याची अट घातली.

भारतातील प्रसार : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. जुन्या पत्त्यांच्या वाटपात उशिरा आलेल्या या देशाच्या वाट्यास लोकसंख्येच्या मानाने फार थोडे, काही कोटींच्या घरातले पत्ते आले. दूरसंचार विभागाने सहाव्या आवृत्तीच्या प्रसाराची राष्ट्रीय योजना जुलै २०१० मध्ये व तिची दुसरी आवृत्ती मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष वेग आला तो सप्टेंबर २०१६ नंतर. त्या महिन्यात सुरू झालेल्या रिलायन्स जिओने नव्या जाळ्यात आरंभापासूनच सहावी आवृत्ती वापरली व इतर कंपन्यांना मागोमाग यावे लागले. आता भारतातील निम्म्याहून अधिक वापरणारे सहाव्या आवृत्तीने जोडलेले असून या बाबतीत देश जगात आघाडीवर आहे. शिरूरच्या बाजारात वा दौंडच्या फलाटावर हातातील हँडसेट पाहणाऱ्याने ती मुद्दाम चालू केलेली नसते. हँडसेट बनविणाऱ्याने गाभ्याच्या यादीत होकार दिलेला असतो. कचेऱ्यांतील जुने राउटर आणि संस्थांची संकेतस्थळे यांची प्रगती याच्या तुलनेने मंद आहे.

पत्त्याचे मोल किती, हे घोड व भीमा या नद्यांच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात विशेष जाणवते. शेतीपंपांना बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या पाळीत वीज मिळत आली आहे आणि शिरूर तालुक्यात उसात बिबट्यांचा वावर असल्याने रात्री पंप चालू करण्यासाठी शेतात जाणे जिवावरचे काम असते. म्हणून घरूनच फोन करून पंप चालू वा बंद करणारे मोबाइल स्टार्टर रूढ झाले. त्यांत सिमकार्ड असते. त्याला स्वतःचा टेलिफोन क्रमांक असल्यानेच त्यास हाक मारता येते. तेच यंत्र टेलिफोनऐवजी इंटरनेटवर आणि चौथ्या आवृत्तीच्या सामायिक पत्त्यामागे ठेवले, तर ही हाक पोहोचत नाही. यंत्राला एखाद्या मध्यस्थ कंपनीच्या संगणकाशी सतत जोडणी राखावी लागते व तो संगणक बंद पडल्यास किंवा कंपनीने सेवा थांबविल्यास पंप मुका होतो.

सहाव्या आवृत्तीत त्या यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो, परंतु तेवढ्याने काम भागत नाही. बाहेरून येणारी जोडणी मोबाइल कंपनीने अडविलेली असू शकते, आणि ती अडविलेली नसेल तर शेतकऱ्याच्या हाकेबरोबर परक्याची हाकही पंपापर्यंत पोहोचते. म्हणून अशा यंत्राचा गाभा बांधताना सहाव्या आवृत्तीच्या प्रश्नाबरोबर तिच्या फायरवॉलच्या प्रश्नालाही होकार द्यावा लागतो, आणि ओळख पटलेल्या हाकेलाच उत्तर देण्याची व्यवस्था वरच्या कार्यक्रमात ठेवावी लागते.